ताळेबंदाची उजवी बाजू

तालुक्याच्या गावात शिरताना हल्ली पहिली भेट होते ती पतसंस्थेच्या फलकाशी. ठळक आकड्यात ठेवींचा नवा टप्पा, त्याखाली सभासदांचे आभार, एका बाजूला हार घातलेले अध्यक्ष, तळाशी संचालकांचे गोल फोटो. आकडा खरा असेलही. तरी फलक चुकीचा आहे. ठेवी म्हणजे लोकांचं देणं. संस्थेचा ताळेबंद उघडला की ठेवी डाव्या बाजूला, भांडवल आणि देणी या सदरात सापडतात. तो पैसा पुढे कुणाच्या हातात गेला, कशाच्या तारणावर गेला आणि परत यायला लागला का, हे उजव्या बाजूला कळतं. उजव्या बाजूचा फलक मी आजवर कुठल्याही वेशीवर पाहिलेला नाही.

सप्टेंबर हा पतसंस्थांच्या सभांचा महिना. मार्चअखेरीनंतर सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, म्हणून तीस तारखेच्या आत गावोगावची मंगल कार्यालयं भरतात. हे सदर त्या सभांना जाणाऱ्यांसाठी आहे. न जाणाऱ्यांसाठी जास्त आहे.

ही चळवळ कशातून उभी राहिली, ते आधी थोडक्यात. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि हाताला लागतील ती कर्जखतं जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. इंग्रज सरकारने चौकशी बसवली, १८७९ साली कायदा केला. पण कर्ज द्यायला सावकाराखेरीज दुसरं कुणी असावं, ही सोय त्यातून झाली नाही. ती सोय लोकांनी स्वतःच करून पाहिली, आणि तीही आधी संस्थानात. सयाजीरावांच्या बडोद्यात ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. सहकाराचा कायदा तेव्हा देशात नव्हता. बडोद्यातल्या मराठी मध्यमवर्गीयांनी एकमेकांच्या भरवशावर पैसे गोळा करायचे आणि एकमेकांनाच द्यायचे, एवढाच करार. देशातल्या सहकारी पतपुरवठ्याची सुरुवात इथून मोजतात.

कायदा आला १९०४ साली. दुसऱ्याच वर्षी गदगजवळच्या कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने पहिली नोंदलेली शेती पतसंस्था निघाली. आज ते गाव कर्नाटकात असलं तरी तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १९०६ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी मुंबईत शामराव विठ्ठल यांच्या नावाने संस्था काढली. मग साखर आली, दूध आलं, सूतगिरण्या आल्या. पण सामान्य माणसाला लागणारं कर्ज? स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीने देशभर पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. पन्नास वर्षांची मेहनत आणि तीन टक्के. बाकीचं बहुतेक सावकाराचंच होतं.

बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, तरी तालुक्याच्या बाजारपेठेतला किराणावाला, गॅरेजवाला, शिलाई मशीनवाली बाई बँकेच्या काउंटरपर्यंत पोचायची आणि कागदांच्या यादीवरून परत फिरायची. महाराष्ट्रातल्या नागरी पतसंस्था याच जागेत वाढल्या. संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असलेलं कार्यालय, ओळखीचा कारकून, आठवड्याच्या आत मंजूर होणारं कर्ज, ठेवीला बँकेहून थोडं जास्त व्याज. यात कसलीही जादू नव्हती. कर्ज मागणाऱ्याला कर्ज देणारा ओळखत होता, एवढंच.

बुलडाण्याचं उदाहरण घेतो, कारण वाढ म्हणजे काय हे तिथे नीट दिसतं. १९८६ साली राधेश्याम चांडक यांनी बुलडाणा अर्बन ही पतसंस्था सुरू केली. सभासद ७२, भांडवल १२ हजार रुपये. माणशी पावणेदोनशेही पडत नाहीत. तेही कुठे, तर रेल्वे नसलेल्या, मोठा उद्योग नसलेल्या, कापूस आणि पुढे सोयाबीनवर जगणाऱ्या जिल्ह्याच्या गावी. आज तिच्या ठेवी दहा हजार कोटींच्या पुढे आहेत, शाखा राज्याबाहेर गेल्या आहेत, आणि आशियातल्या मोठ्या पतसंस्थांत तिचं नाव घेतात.

या आकड्यांनी मी हुरळत नाही. मला रस आहे तो तिच्या गोदामांत.

दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघतं. सगळ्यांचं एकदमच निघतं, म्हणून बाजार समितीत गाड्यांची रांग लागते आणि भाव पडतो. शेतकऱ्याला थांबणं परवडत नाही. मजुरांचे पैसे द्यायचेत, दिवाळी तोंडावर आहे, हरभऱ्याचं बी घ्यायचंय, कृषी केंद्रवाल्याची उधारी बाकी आहे. पडेल त्या भावात माल अडत्याच्या काट्यावर जातो. इथे पतसंस्थेने सरळ विचार केला. माल गोदामात ठेवा, पावती घ्या, त्या पावतीवर कर्ज घ्या. काट्यावर वजन होतं, ओलावा तपासतात, थप्पी लागते, पोत्यांची नोंद होते. समजा वीस क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव चार हजार. माल झाला ऐंशी हजारांचा. त्यावर सत्तर टक्के धरले तर छप्पन्न हजार रुपये हातात पडतात. दिवाळी होते, हरभरा पेरला जातो, आणि माल अजून स्वतःचाच असतो. पाच महिन्यांनी भाव क्विंटलमागे पाचशेने चढला तर दहा हजार जास्त मिळाले. बारा टक्क्यांनी त्यातले अठ्ठावीसशे व्याजाचे गेले, थोडं भाडं गेलं, उरलेले घरात आले. आधी हे पैसे व्यापाऱ्याच्या खिशात जात होते.

भाव चढतोच असं नाही, हेही सांगितलंच पाहिजे. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन काही बाजारांत दहा हजारांवर गेलं, ते डोक्यात ठेवून पुढच्या हंगामांत अनेकांनी माल धरून ठेवला आणि भाव घसरतच राहिला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्याही खाली होता. गोदामात थांबलेल्या मालावर व्याज मात्र थांबत नाही. म्हणजे तारण कर्ज हा काही नफ्याचा हुकमी मार्ग नाही. शेतकऱ्याला 'आत्ता नाही विकणार' म्हणायची सोय त्यातून होते. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही सोय फार थोड्यांनी करून दिली आहे.

आता हाच व्यवहार ताळेबंदाच्या उजव्या बाजूने बघा. संस्थेने दिलेला पैसा कुठे आहे? संस्थेच्याच गोदामात, पोत्यांत. सोनेतारण असेल तर संस्थेच्याच तिजोरीत, वजन लिहिलेल्या पुडीत. कर्जदार उद्या गायब झाला तरी तारण जागेवर आहे, आणि उद्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. जिल्ह्यातून गोळा केलेला पैसा जिल्ह्यातल्याच मालावर लागला आणि तो माल डोळ्यांनी दिसतो. पतसंस्थेची वाढ मोजायची तर अशी मोजा.

दुसरी गोष्ट पिग्मीची. दररोज थोडे थोडे पैसे गोळा करायची ही पद्धत टी. एम. ए. पै यांच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली. बँकांनी पुढे तिचा नाद सोडला, पतसंस्थांनी ती घरोघर नेली. संध्याकाळी बाजारात उभं राहून बघा. एजंट गाडी स्टँडवर लावतो, भाजीवाल्या मावशींकडे नुसती मान हलवतो, मावशी पोत्याच्या घडीखालून पन्नासची नोट काढतात. हातातल्या छोट्या यंत्रातून करकर करत पावती निघते. त्या ती न वाचताच पिशवीत टाकतात. पुढे पानटपरी, पुढे सलून, पुढे सायकल दुरुस्ती. वर्षअखेर मावशींच्या खात्यात अठरा हजारांच्या आसपास जमतात. त्यात मुलीच्या कॉलेजची फी भरली जाते, किंवा त्याच पिग्मीच्या जोरावर कर्ज मिळून हातगाडी येते. बँकेच्या दृष्टीने ही बाई ग्राहकच नव्हती. पतसंस्थेने तिला खातेदार केलं. पतसंस्थांना कितीही झोडपलं तरी हे ऋण मान्य करूनच झोडपावं लागतं.

पण ती पावती थर्मल कागदाची असते. पिशवीतल्या ओल्या कोथिंबिरीला लागून, उन्हाला लागून महिन्या-दोन महिन्यांत पांढरीफटक पडते. पासबुक भरून घ्यायला मावशींना दुपारची सवड नसते. संस्था धडधाकट असेपर्यंत चालून जातं. कुलूप लागतं त्या दिवशी मावशींच्या हातात पुरावा म्हणून कोऱ्या कागदांचा गठ्ठा उरतो.

कुलूप लागतं, आणि एकाच संस्थेला लागतं असं नाही. जळगावच्या बीएचआर या बहुराज्यीय पतसंस्थेचं २०१५ साली काय झालं ते खानदेश विसरलेला नाही. संचालकांना अटक झाली, अवसायक नेमला गेला, आणि पुढे त्या अवसायकावरच गुन्हा दाखल झाला. आरोप काय, तर बड्या कर्जदारांनी हवालदिल ठेवीदारांच्या पावत्या तीस-चाळीस टक्क्यांत विकत घेतल्या आणि स्वतःच्या कर्जात पूर्ण किमतीने वळत्या करून घेतल्या. लाखाची पावती असलेल्या निवृत्त शिक्षकाला तीस हजार मिळाले आणि कर्जदाराचं लाखाचं कर्ज फिटलं, असा तो हिशोब. ठेवीदार दोनदा लुटला गेला.

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचं तर अगदी अलीकडचं. २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्या प्रवर्तकांच्या उद्योगसमूहावर आयकर खात्याची धाड पडली, बातमी फुटली, ठेवीदार शाखांवर धावले. पैसे मिळेनात. तारखा मिळाल्या, आश्वासनं मिळाली, मग शाखाच बंद. २०२४ च्या जूनमध्ये समूहाच्या प्रमुखाला अटक झाली. संस्थेतून दिलेल्या कर्जांचा मोठा भाग त्याच समूहाच्या कंपन्यांकडे गेला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. खटल्याचा निकाल न्यायालयात लागेल. पण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हंगामाचे पैसे जिथे ठेवले, तिथली उजवी बाजू एकाच घराकडे झुकल्याचा संशय यायला आयकराची धाड पडावी लागली, हे लाजिरवाणं आहे. लेखापरीक्षक होते, संचालक मंडळ होतं, सभा होत होत्या. मग सगळ्यांनी काय पाहिलं?

मला बहुराज्यीय या प्रकाराबद्दल कडक बोलायचं आहे. राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था तालुक्याच्या सहायक निबंधकाला आणि जिल्ह्याच्या उपनिबंधकाला उत्तर देते, वर पुण्यातले सहकार आयुक्त असतात. ही माणसं फार तत्पर असतात असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या कार्यालयात एसटीने जाता येतं. २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली संस्था बहुराज्यीय झाली की तिचा निबंधक दिल्लीत. शेजारच्या राज्यात कामकाज दाखवायचं आणि जिल्ह्याच्या नजरेतून सुटायचं, असा हिशोब काहींनी केला. २०२१ साली केंद्राने सहकाराचं स्वतंत्र मंत्रालय काढलं, २०२३ साली बहुराज्यीय कायद्यात दुरुस्त्या केल्या. चांगलं झालं. पण आष्टीच्या किंवा पाथर्डीच्या ठेवीदाराने दाद मागायला दिल्लीचा पत्ता का शोधावा? ज्या जिल्ह्यात ठेवी गोळा होतात, त्याच जिल्ह्यात तपासणीचा अधिकार असलेला माणूस बसलाच पाहिजे. हे झाल्याशिवाय नवीन बहुराज्यीय शाखेला परवानगी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट काउंटरवर कुणी सांगत नाही. बँक बुडाली तर २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते लागू नाही. ती बँक नाही, तिला नावात बँक शब्द लावायचीही मुभा नाही. पण रंगीत काचांची शाखा, एटीएमसारखं दिसणारं कार्ड, गणवेशातले कर्मचारी बघून खातेदार तिला बँकच समजतो. 'तुमच्या ठेवीला विमा नाही' हे वाक्य ठेव पावतीवर, व्याजदराच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापायची सक्ती व्हावी. प्रामाणिक पतसंस्थेला त्यात काहीच धोका नाही.

आता सभेकडे.

सभा अकराची, सुरू होते बाराला. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, सत्कार. दहावी-बारावीतल्या गुणवंतांना प्रमाणपत्रं. मग अहवाल वाचन, म्हणजे अध्यक्षांचं मनोगत. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. मागच्या रांगेतून 'मंजूर'. ताळेबंद स्वीकारणे. 'मंजूर, मंजूर'. लेखापरीक्षकाची नेमणूक, मंजूर. शेजारी वाढप्यांची लगबग सुरू झालेली असते, मसालेभाताचा वास येतो, बाहेर भेटवस्तूचं कूपन घ्यायला रांग लागते. ताळेबंदाच्या उजव्या बाजूचा सगळा फैसला या पाऊण तासात झालेला असतो. एकदा भर सभेत एका वयस्कर सभासदाने थकबाकीबद्दल विचारलं तेव्हा शेजारच्यांनीच त्यांना खाली बसवलं. व्यासपीठावरच्यांना काही करावंच लागलं नाही. मला त्या शेजाऱ्यांचा राग आला होता. अजून आहे.

कारण सहकारात एका सभासदाला एक मत असतं, त्याच्याकडे शंभराचा शेअर असो की लाखाचा. गावच्या अन्य कुठल्याही पैशाच्या व्यवहारात गरिबाला इतका मान नाही. आणि तो मान आपण मसालेभातावर सोडून देतो. त्यातही मोठी फसगत नाममात्र सभासदाची. ठेव ठेवायला किंवा कर्ज घ्यायला गेलेल्या माणसाकडून थोडी फी घेऊन त्याला नाममात्र सभासद करतात. त्याला मत नाही. ज्यांच्या पैशावर संस्था फुगते त्यातल्या कित्येकांना सभेत बोलायचाच हक्क नाही, हे त्यांना ठाऊकही नसतं. तुमची पावती आजच बघा. नाममात्र असाल आणि संस्थेवर विश्वास असेल, तर शेअर घेऊन पूर्ण सभासद व्हा. संस्था शेअर द्यायला टाळाटाळ करत असेल तर ठेव तिथे का ठेवायची, याचा विचार घरी जाऊन करा.

आणि सभेला गेलात तर ठेवींबद्दल काही विचारू नका. कर्जाबद्दल विचारा. सगळ्यात मोठे दहा कर्जदार मिळून एकूण कर्जाचा किती हिस्सा घेऊन बसलेत? थकबाकी किती, आणि त्यातली नवं कर्ज देऊन जुनं मिटवलेली किती? सोनं आणि माल यांच्या तारणावर किती दिलंय, नुसत्या जामीनदारांच्या सह्यांवर किती? व्याजदर शेजारच्या संस्थेपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त देता, तर तेवढं कमावणारा धंदा कुठला? चौदा टक्के व्याज ठेवीदाराला द्यायचं तर कर्ज अठराने द्यावं लागतं, आणि अठराने कर्ज घेणारा बहुधा असा असतो ज्याला कुणीच देत नाही. हा हिशोब आठवीतल्या मुलीलाही जमेल. फलक लावणाऱ्यांनी तो करून ठेवलेला असतो, ठेवीदाराने केलेला नसतो.

संचालकांच्या कर्जाचा प्रश्न तर तुम्हाला विचारावाही लागू नये. संचालकांना, त्यांच्या घरच्यांना आणि त्यांच्या फर्म-कंपन्यांना किती कर्ज दिलं, किती फेडलं, किती थकलं, याचं विवरण वार्षिक सभेपुढे ठेवणं राज्याच्या कायद्याच्या कलम ७५ ने समितीवर बंधनकारक आहे. अहवालाच्या पुस्तिकेत ते पान शोधा. गुळगुळीत कागदावरच्या फोटोंच्या पानांनंतर, शेवटाकडे, बारीक टायपात कुठेतरी असेल. नसेल तर उभं राहून 'ते पान कुठे आहे' एवढंच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

सभेची तारीख हुकली असेल तर कलम ३२ आहे. सभासदाला संस्थेच्या कार्यालयात कामाच्या वेळेत जाऊन शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समितीच्या आणि सभेच्या बैठकांची इतिवृत्तं विनामूल्य बघता येतात. लेखी अर्ज करून ठरलेली फी भरली तर संस्थेने महिन्याभरात नक्कल द्यायची असते. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. शाखाधिकारी म्हणेल, साहेब आल्यावर या. तेव्हा पोच घेतल्याशिवाय उठू नका.